पाण्यात पाहणं

ताई धाकट्याला पाण्यात पाहते, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं. दोघं बहीणभाऊ लहानपणी एकमेकांना पाण्यातच बघत मोठे झाले होते.

बाबांचं सायकलच्या पंक्चरचं दुकान होतं. हातपंप, लाकडी पेटी आणि पाण्याने भरलेलं एक घमेलं, एवढाच पसारा. शाळा सुटली की दोन्ही मुलं घमेल्याच्या दोन बाजूंना बसायची. बाबा ट्यूब फुगवून पाण्यात धरायचे. धाकट्याचे डोळे तेज. कुठे बारीकसा बुडबुडा निघाला की तो ओरडायचा, "सापडलं!" गिऱ्हाईक खूश व्हायचं, त्याच्या डोक्यावर टपली मारायचं. "वा रे बुडबुड्या!" तेच नाव पडलं.

पुढचं काम ताईचं. ट्यूब पुसायची. भोकाभोवतीचं रबर कानशीने खरवडायचं. कमी खरवडलं तर ठिगळ धरत नाही, जास्त झालं तर ट्यूब जाते. सोल्युशन लावायचं, वाळू द्यायचं. मग ठिगळ ठेवून अंगठ्याने दाबायचं, शंभर आकडे मोजेपर्यंत. तोवर गिऱ्हाईक पाठ फिरवून कुणाशीतरी गप्पा मारत असायचं. तिला टपली कुणी मारली नाही.

"बाबा, शोधायला काय लागतं? नुसते डोळे," ती एकदा म्हणाली.

"आणि बुजवायला?"

"हात."

"मग हात चालव."

ठिगळ बसलं तरी बाबा सायकल सोडायचे नाहीत. टायरच्या आतून बोट फिरवायचे, पूर्ण गोल. आत खिळा असायचा, काच असायची. "भोक बुजवलं म्हणजे पंक्चर निघालं असं नाही. खिळा आतच राहिला तर गिऱ्हाईक कोपऱ्यापर्यंत जातं आणि ढकलत परत येतं." त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट चिरांनी भरलेलं होतं.

एका गोष्टीची मात्र त्यांना चीड होती. पंक्चरवालेच रस्त्यावर खिळे टाकतात, असं लोक हसत हसत म्हणायचे. बाबा हसायचे नाहीत. रस्त्यात खिळा दिसला तर उचलून खिशात टाकायचे. पेटीत असा एक डबाभर खिळ्यांचा साठा होता.

आता ताई पंचेचाळीसची, धाकटा एकोणचाळीसचा. दुकान कधीच बंद झालं. दोघांचा धंदा मात्र तोच राहिला.

फोन घ्या, संगणक घ्या, सगळ्यात तळाला एक प्रोग्रॅम असतो. त्याला कर्नल म्हणतात. बाकीच्या प्रोग्रॅमना काही हवं असलं, जागा, फाइल, नेट, की त्याच्यापुढे हात पसरावा लागतो. त्यालाच भोक पडलं तर चोर खिडकीबिडकीच्या भानगडीत पडत नाही, सरळ घरमालकाच्या खुर्चीत जाऊन बसतो. ताई ही भोकं बुजवायची. कर्नलचा एक कोपरा तिच्याकडे होता, प्रोग्रॅमचे निरोप इकडून तिकडे पोचवणारा. वीस वर्षं ती तो सांभाळत होती. आईबाबा तिच्याकडेच असायचे; घराच्या मागच्या खोलीत दोन पडदे, फळीवर वायरी लावलेले सहा जुने फोन, आणि एक खुर्ची जिची गादी दोनदा बदलली होती. या धंद्यात दुरुस्तीला पॅच म्हणतात, म्हणजे ठिगळच. बरोबरीचे लोक तिला ठिगळताई म्हणायचे.

या ठिगळांचा एक नियम होता. पॅच साऱ्या जगाला दिसतो, चोरांनाही. घरोघरच्या फोनमध्ये तो पोचायला मात्र दोन-तीन महिने जातात. म्हणून पॅचच्या मथळ्यात भोकाचं नाव काढायचं नाही. मथळा जितका नीरस तितका चांगला. 'मोजणी दुरुस्त.' 'जादा ओळ काढली.' वाचणाऱ्याला जांभई यावी आणि त्याने पुढे जावं. ताईच्या तोडीचं नीरस लिहिणारं त्या धंद्यात दुसरं कुणी नव्हतं.

धाकटा एका मोठ्या कंपनीत होता. भोकं शोधायचा. सापडलेल्या भोकाला नाव द्यायचा. 'उंदीरवाट', 'फुटकी घागर'. त्याचं चित्र काढून घ्यायचा, सदऱ्यांवर छापायचा. टीव्हीवर दोनदा दिसला होता. आईने त्याची कात्रणं काचेच्या कपाटात लावली होती, चांगल्या कपबशा मागे सारून.

"माझा मुलगा जगभरातली भोकं शोधतो," ती शेजारणीला सांगायची.

"आणि मुलगी?"

"ती काय, कॉम्प्युटरवर असते."

आजवर धाकट्याची अकरा भोकं गाजली होती. त्यातली चार ताईच्या कोपऱ्यातली. चारही तिने बुजवली होती. हा हिशेब जगात एकट्या ताईला पाठ होता. धाकट्याचं नाव निघालं की ती उठून काहीतरी पुसायला लागायची. नवरा म्हणायचा, "ओटा झिजेल."

एका सोमवारी सकाळी बंद पत्रव्यवहारात एक पत्र आलं. गुप्त भोकं कळवायची ही जागा. तिची किल्ली धंद्यातल्या एका जुन्या माणसाकडे होती. वय अठ्ठावन्न, पण सगळे त्याला आजोबा म्हणायचे. पत्र धाकट्याचं होतं. ताईच्या कोपऱ्यात पाचवं भोक. शेवटी लिहिलं होतं, 'शुक्रवारी माझं भाषण आहे. तोवर पॅच तयार असावा.'

तोवर तयार असावा! सायकल टेकवून गिऱ्हाईक चहाला जातं, तसं.

पत्रासोबत त्याने स्वतःचाही एक पॅच जोडला होता, चार ओळींचा. ताईने तो तीनदा वाचला. ती प्रत्येकाचाच पॅच तीनदा वाचायची. याचा जरा जास्तच आवडीने वाचला. मग फोन लावला.

"बुडबुड्या, तुझं ठिगळ बघितलं."

"कसं आहे?"

"वरून चिकटवलंयस. रबर खरवडलंच नाहीस."

"ताई, चालतं की नाही ते सांग."

"चालतं. कोपऱ्यापर्यंत."

"झालं तुझं सुरू! तूच लाव मग तुझ्या हाताने. मला भाषण लिहायचंय."

भोक असं होतं. वसतिगृहात एका खोलीच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत ते वहीत मोजलेलं असतं. मोजणी शून्यावर आली की खोली रिकामी समजून दुसऱ्याला देतात. आता एकाला किल्ली दिली आणि वहीत लिहायचं राहिलं, तर खोली दुसऱ्याला जाते आणि पहिल्याची किल्ली त्याच्या खिशातच. वाटेल तेव्हा दार उघडून तो दुसऱ्याच्या सामानात हात घालतो. कर्नलमध्ये नेमकं हेच होत होतं. एका ठिकाणी किल्ली दिली जायची आणि मोजणी व्हायची नाही. फोनमध्ये आधीच शिरलेला एखादा भुरटा प्रोग्रॅम तेवढ्यावर घरमालक होऊ शकत होता.

धाकट्याने दारावर पहारेकरी बसवला होता. ताईने मोजणीच जागेवर लावली. दोन ओळी. लिहायला एक तास, तपासायला सोमवारचा उरलेला दिवस.

राहिली एक ओळ. पॅचखाली एक नोंद करावी लागते, हे भोक कोणत्या जुन्या बदलामुळे पडलं याची. ताई तिला खिळ्याची ओळ म्हणायची. धाकट्याने ती कोरी सोडली होती. त्याला कंटाळा आला असणार, ताई मनात म्हणाली, आणि तिला बरं वाटलं.

मंगळवारी तिने खिळा शोधला. वर्षं एकेक करून मागे गेली. बाराव्या वर्षापर्यंत काही नाही. पंधराव्याला नाही. दुपारी जेवण टाळून बसली होती, तेव्हा सतराव्या वर्षी बोटाला लागलं. मथळा होता, 'सफाई: तीन ठिकाणची अनावश्यक मोजणी काढली.' लिहिणाऱ्याचं नाव वाचलं आणि ती खुर्चीत मागे टेकली.

धाकटा.

त्याचा आयुष्यातला पहिला पॅच. बावीस वर्षांचा होता. याच टेबलाशी बसून तिनेच त्याला लिहायला लावला होता.

ताईच्या मनात उकळ्या फुटल्या. जगभर भोकं शोधत हिंडणारा बुडबुड्या, आणि खिळा ह्याच्याच हातचा! कपाटातल्या कात्रणांशेजारी हे कुणी लावील का? ती पाणी प्यायली. परत येऊन खालची ओळ वाचली.

'तपासलं, बरोबर आहे.' पुढे तिचं नाव.

तेव्हा धाकटा तिच्या खुर्चीमागे उभा होता, श्वास रोखून. तो एकच पॅच तिने तीनदा वाचला नव्हता. एकदाच वाचला होता, तोही मायेने. वीस वर्षांत एकदा माया केली आणि ती अशी निस्तरावी लागत होती.

ती ओळ झाकून पुढे जायची सोय नव्हती. मथळ्यात 'तीन ठिकाणची' लिहिलं होतं. धाकट्याला त्यातलं एक सापडलं होतं. ताईने टायरमध्ये बोट फिरवायला घेतलं.

दुसरं ठिकाण निरुपद्रवी निघालं, तिथवर कुणी पोचूच शकत नव्हतं. तिसरं बुधवारी दुपारी उलगडलं. तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि फळीवरच्या एका फोनला नेटवरून नुसता एक निरोप धाडला. फोनला हातसुद्धा लावला नाही. फोन तिच्या ताब्यात आला. पुन्हा केलं. पुन्हा आला. तिने उठून खोलीची कडी घातली. धाकट्याच्या अकराही भोकांत एवढं मोठं एक नव्हतं.

तिने आजोबांना कळवलं. एरवी एका ओळीत उत्तर देणाऱ्या आजोबांनी फोनच केला.

"पोरी, हे तुझं आहे. शोधलं तू, बुजवलं तू. म्हणशील तर तुझं नाव ठळक टाकू. शुक्रवारी मंचावर भावानंतर तुला अर्धा तास मागून घेतो."

"आणि?"

"आणि काय ते तुला ठाऊक आहे. त्याचं भोक चोराला कळलं, तर आधी फोनमध्ये शिरावं लागेल. तुझं कळलं तर घरात बसल्या बसल्या. ठिगळ घरोघरी पोचायला तीन महिने."

"तीन महिन्यांनी सांगितलं तर?"

"तीन महिन्यांनी जुन्या भोकाचं कौतुक कोण करतं? ठरव तू. मी दोन्हीला तयार आहे."

ताईने मथळा लिहिला. 'बाहेरून थेट ताबा मिळवू देणारं भोक बुजवलं.' वाचून बघितला. चांगला दिसत होता. मग विजेच्या बिलाच्या पाठीवर एक चित्र काढलं. तिलाही नाव सुचलं होतं, 'उघडं दार'. सदऱ्यावर कसं दिसेल म्हणून तिने कागद छातीशी धरला. तेवढ्यात नवऱ्याने दार ठोठावलं. तिने कडी काढली.

"काय काढतेस?"

"दार."

त्याने कागद हातात घेऊन पाहिला. तो पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह फिरवायचा, चित्रातलं त्याला कळायचं नाही. "कडी काढायची राहिली," म्हणाला, आणि फळीवरचा एक फोन उचलला. "हा बाबांचा ना? पडदा बदलून आणायला दिला होता. बाबा चारदा विचारून गेले."

तोच फोन होता. मघाशी तिने ताबा घेतला तो बाबांचा, नऊ वर्षांचा जुना. त्याला कुठलंही ठिगळ सगळ्यांत शेवटी पोचायचं.

ताईने मथळा खोडला. मोठं मन वगैरे काही झालं नव्हतं. दात खाऊनच खोडला. नवीन लिहिला, 'तिसऱ्या ठिकाणची मोजणी परत लावली.' साठ किरकोळ पॅचांच्या ढिगात तो एकसष्टावा म्हणून टाकला. खिळ्याची ओळ त्याला लावली नाही, ती आजोबांच्या बंद पत्रात ठेवली. कागदावरचं दार चुरगळून टोपलीत गेलं.

गुरुवार जुन्या आवृत्त्यांत गेला. अकरा आवृत्त्या, प्रत्येकीला ठिगळ वेगळं बेतायचं, प्रत्येकीला चाळीस मिनिटं. संध्याकाळी धाकट्याच्या भोकाचा पॅच खिळ्याच्या ओळीसह त्याला बघायला पाठवला. ही ओळही बंद पत्रातच राहणार होती, जगाला दिसायची नव्हती. तासाभरात त्याचा फोन.

"ताई... खिळा माझाच?"

"तुझाच. खाली सही माझी."

ताई वाट बघत होती. सतरा नव्हे, चाळीस वर्षांची वाट होती ती. आणि धाकटा हसायला लागला.

"अगं, हे तर फर्मास आहे!"

"फर्मास काय त्यात?"

"उद्या बघच तू."

शुक्रवारी सगळे पुढच्या खोलीत पडद्यासमोर बसले. आईने चांगल्या कपबशा काढल्या. मंचावर धाकटा, पाठीमागे भोकाचं भलंमोठं चित्र. तासभर लोक त्याच्या शब्दावर डोलत होते. शेवटी तो पुढे आला.

"आमच्या बाबांचं पंक्चरचं दुकान होतं. लोक म्हणायचे, रस्त्यावर खिळे तुम्हीच टाकता. आज कबूल करतो. हे भोक ज्या खिळ्याने पडलं तो मीच टाकला होता, सतरा वर्षांपूर्वी, माझ्या पहिल्याच पॅचमध्ये!"

सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात.

"बघा," आई डोळे पुसत म्हणाली, "चूक कबूल करायलाही मोठं मन लागतं. सगळ्यांना नसतं."

सगळ्यांना म्हणजे कुणाला, ते विचारायची गरज नव्हती. ताईने त्याची चूक सुरीसारखी धाकट्याच्या हातात दिली होती, आणि त्याने त्या सुरीने फळं कापून वाटली. ताईच्या अंगाची लाही झाली. पण त्याहून वाईट वेगळंच होतं. पहिला पॅच म्हणजे कोणता ते कुणीही शोधून काढील. त्याने साऱ्या जगाला फाइलचा पत्ता दिला होता. ती मागच्या खोलीत गेली. आजोबांचं एका ओळीचं पत्र आधीच आलेलं होतं, 'ऐकलं. फोन बनवणाऱ्यांच्या मागे लागलोय, तीन महिन्यांचं काम तीन आठवड्यांत करवून घेतो.'

ती बाहेर आली तेव्हा बाबा तिथेच बसलेले होते. टीव्ही बंद.

"मी कधी खिळा टाकला नाही," ते म्हणाले.

"अहो, विनोद होता तो!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

बाबांनी तिकडे पाहिलं नाही. "त्याचाच होता का खरंच?"

"त्याचाच," ताई म्हणाली. आणि हे सांगितल्याशिवाय पुढे बोलता येईना. "पण तपासून दुकानाबाहेर मी सोडला. बोट न फिरवता."

"आता फिरवलंस?"

"फिरवलं."

"लागलं काही?"

"अजून एक. मोठा."

बाबांनी मान हलवली. "माझा फोन दे," म्हणाले, "झाला असेल तर."

"त्याला अजून तीन आठवडे आहेत," ताई म्हणाली.

रविवारी सकाळी धाकट्याचा फोन आला. मंचावरचा आवाज नव्हता.

"ताई, ते तिसरं."

"कुठलं तिसरं?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. काल परत त्या फाइलमध्ये गेलो होतो. मोजणी परत लावली म्हणे! बाहेरून उघडत होतं ना ते?"

"फोनवर असलं बोलू नये, असं तूच भाषणात सांगतोस."

"माझ्याच ओळी होत्या गं. पाच आठवडे मी त्याच फाइलमध्ये बसलो होतो."

"चौदा ओळी वर होतास."

"चौदा?"

"मोजल्या मी."

नाकातून सोडलेला एक श्वास ऐकू आला. "कधी सापडलं तुला?"

"बुधवारी."

"बुधवारी किती वाजता?"

"दुपारी. खिचडी टाकली होती." खिचडी टाकलेली नव्हती. पण सांगायला बरं वाटलं.

"मला सांगायचंस की. दोघांनी मिळून मांडलं असतं. नाव तरी झकास दिलं असतं त्याला."

"नाव आहे त्याला."

"काय?"

"तिसऱ्या ठिकाणची मोजणी."

पलीकडे खुर्ची करकरली.

"आणि पत्ता जगाला तूच दिलायस," ताई म्हणाली, "तेव्हा तीन आठवडे कुणाकडे अवाक्षर काढायचं नाही. बायकोकडे नाही, आईकडे नाही. जमेल?"

"जमेल," तो म्हणाला, शेवटचं अक्षर गिळून.

ते गिळलेलं अक्षर, तो नाकातला श्वास, किती वाजता आणि किती ओळी हे विचारणं, सगळं ताईच्या ओळखीचं होतं. चाळीस वर्षं आतून ओळखीचं. धाकट्याच्या पोटात दुखत होतं. घमेल्याच्या पलीकडे बसलेला त्याचा चेहरा तिला पाण्यात स्वच्छ दिसला.

तो फोन ठेवत नव्हता. ताईने खुर्ची ओढून घेतली, अंगठा फोनच्या पाठीवर दाबला आणि मनातल्या मनात शंभर आकडे मोजायला सुरुवात केली.